बीडला ठाऊक, दिल्लीत गुपित

बुधवार, १५ सप्टेंबर १९४८. तुम्ही मोमिनाबादच्या बाजारात उभे आहात. आजची अंबाजोगाई ती हीच. तालुक्याचं ठिकाण, जिल्हा बीड, राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, गल्लीत मराठी आणि व्यवहारात हाली शिक्का. तुमच्या खिशातली पाचशेची नोट इथला पानवाला उलटीपालटी करून परत देईल. दिवस गणपतीचे, पण कुठे आरतीचा आवाज नाही. पावसाने उघडीप दिलीय, शिवारात बाजरी कणसावर आलीय आणि राखणीला माणूस नाही. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. ज्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते ती शाळा याच गावात. स्वामीजी स्वतः निजामाच्या तुरुंगात.

कोपऱ्यावर विणकराचं घर आहे. दारात बारा-एक वर्षांचा पोरगा बसलाय. मागावरचा ताणा तसाच सोडून बाप दोन दिवसांपूर्वी गावाकडे गेला, म्हातारीला घेऊन येतो म्हणून. पोरगा तुमचे बूट निरखून बघतो आणि विचारतो, "मामू, फौज आली का वो?"

आली आहे. सोमवारी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून सरहद्द ओलांडून नळदुर्गात शिरलं. दुसरी तुकडी औरंगाबादच्या अंगाने. लातूर घेऊन एक तुकडी आता मोमिनाबादेवर आलीय. समोर निजामाचे तिसरे गोवळकोंडा लान्सर्स. लढाई बघण्याच्या हौसेने आला असाल तर निराश व्हाल. लान्सर्स नावापुरता प्रतिकार करतात आणि हत्यारं खाली ठेवतात. पानिपताची सवय झालेल्या आपल्या मनाला हे फार किरकोळ वाटतं.

त्यापेक्षा तहसील कचेरीत डोकावा. एक अहलकार दप्तराचे रुमाल बांधत बसलाय. लाल कापडाचे चौकोनी गठ्ठे, वर दोरी, दोरीला चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांवर उर्दूत 'सीगा-ए-राज' असा शेरा: गोपनीय. कुठल्या गावात स्टेट काँग्रेसची माणसं लपलीत, सरहद्दीवरच्या कॅम्पांना भाकरी कोण पुरवतं, रझाकारांना बंदुका कोणी दिल्या, असलंच काहीतरी त्यात असणार. गाठ पक्की बसली का, हे तो दोनदा ओढून बघतो. ज्या सरकारपायी हे गुपित राखायचं ते सरकार परवा संध्याकाळी असणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. गुपिताचं आयुष्य ते राखणाऱ्याच्या गरजेएवढंच असतं. गरज संपली की उरतो तो रद्दी कागद, नाहीतर इतिहास. दोन्हींचा निकाल लागतो तो पुढच्या मालकाच्या मर्जीने.

शुक्रवारी, १७ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता युद्धबंदी. निजाम रेडिओवरून शरणागतीची घोषणा करतो. मराठवाड्याच्या घराघरांत हा दिवस सणासारखा साजरा होतो आणि ते रास्तच आहे. लातूरच्या वकिलीतून उठलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी वर्ष-दीड वर्ष जे केलं, त्यात गावं जळली, माणसं मेली, बायाबापड्या पोरं कडेवर घेऊन करोडगिरीचा नाका चुकवत नगर-सोलापूरकडे पळाल्या. 'रझाकाराच्या टायमाला' एवढं म्हटलं की आजही जिल्ह्यातली म्हातारी माणसं पुढचं वाक्य आपणहून सांगतात. ते जे सांगतात ते छापून आलं आहे, पाठ्यपुस्तकात आहे, भाषणांत आहे. तुम्हाला ज्यासाठी इथवर आणलं तो भाग त्याच्या पुढचा.

शुक्रवारनंतरच्या आठवड्यांत तुम्ही बाहेर न पडलेलं बरं. जुने हिशेब चुकते होऊ लागले. रझाकारांचे तर झालेच, पण ज्यांनी कधी गणवेश घातला नव्हता त्यांचेही झाले. जमीन, सावकारी, शेजाऱ्याचा पाणवठा, काहीही कारण पुरे. शिवाय लुटीच्या वासाने बाहेरून टोळ्या आल्या. विणकराचा पोरगा रोज वेशीपर्यंत जाऊन येतो. बाप येत नाही. एका सकाळी पोरगा जायचं बंद करतो, आणि त्याला काय कळलं हे त्याला कोणी विचारत नाही. सगळ्या गल्लीला कळलेलं असतं.

आता डिसेंबर. कडाक्याची थंडी, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागलीय. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून एक मंडळ हैदराबादेत आलंय: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबरला आलेत, २१ डिसेंबरला परतणार. सुंदरलाल म्हणजे 'भारत में अंग्रेज़ी राज' लिहिणारे. १९२९ साली इंग्रजांनी ते पुस्तक बाजारात येताच जप्त केलं होतं. काझीसाहेब हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले. म्हणजे माणसं लिहिणारी, छापणारी. सरकारी जप्तीची चव एकाने घेतलेली.

त्यांच्या मागच्या गाडीत जागा करून बसा. सोळापैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं, एकवीस गावं आणि तेवीस महत्त्वाची खेडी. जिथे पोहोचता आलं नाही अशा १०९ खेड्यांतली पाचशेहून अधिक माणसं त्यांनी गाठून बोलती केली. तीन आठवड्यांत, त्या काळच्या रस्त्यांवर. बसतात कुठे, तर देवळाच्या ओट्यावर, मशिदीच्या पायरीवर, कुणाच्या ओसरीत. प्रश्न साधे: घरात किती होते, किती उरले, कोण आलं होतं, ओळखीचं कोण होतं. उत्तर देणारा आधी आजूबाजूला बघून घेतो.

एका ठिकाणी त्यांना विहीर दाखवतात. दोन महिने उलटून गेलेत आणि विहीर अजून उपसलेली नाही. ते वाकून मोजतात. अकरा. त्यात एक बाई, तिच्या छातीला चिकटलेलं लेकरू. हा आकडा अहवालात असाच आहे, अकरा. 'अनेक' नाही, 'असंख्य' नाही. वाकून मोजणाऱ्या माणसाचा हा आकडा आहे आणि सबंध अहवालावर माझा विश्वास बसतो तो या एका ठिकाणी.

याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे, आणि ती वगळून अहवालाबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन, असं ते लिहितात. पळवलेल्या बायका परत आणायला हिंदूंनीच मदत केली, असंही लिहितात. सेनाधिकाऱ्यांच्या चांगल्या वागणुकीची नोंद करतात आणि लगेच पुढे, कर्तव्य म्हणून सांगावं लागतं अशा सुरात, काही ठिकाणी सैन्यातली आणि स्थानिक पोलिसांतली माणसं लुटीत आणि इतर गुन्ह्यांत सामील होती याचा निर्विवाद पुरावा आपल्याला मिळाला, असं नमूद करतात. यातला अधिक तपशील त्यांनी मूळ अहवालात ठेवलाच नाही. 'गोपनीय टिपणं' म्हणून वेगळा जोडला. ते स्वतःच भिडस्त होते म्हणा, किंवा शहाणे.

आकडा त्यांनी दिला तो सांभाळून. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजारांहून कमी नाहीत. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत निदान पाच हजार. सबंध राज्यात, अगदी हात राखून धरलं तरी, २७ हजार ते ४० हजार. आपला बीड जिल्हा त्या पाच हजारांत आहे. तो विणकर त्यात मोजला गेला की नाही, हे त्याचा पोरगा कुणाला विचारणार?

गाडी दिल्लीला निघते. तुम्हीही जा, पण थंडीचं घेऊन जा.

१ जानेवारी १९४९ ला काश्मिरात युद्धबंदी लागू झालीय. हैदराबादची तक्रार ऑगस्टात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेली होती. फौजा मराठवाड्यात असताना, १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये तिच्यावर चर्चाही झाली. गांधीजींना जाऊन वर्ष पुरं झालेलं नाही. फाळणीचे निर्वासित अजून तंबूंत आहेत. अशा घडीला हा कागद बाहेर पडला तर पाकिस्तान तो परिषदेत फडकवील, आणि इकडे कानपूर-लखनौपासून सोलापुरापर्यंत कुठे ठिणगी पडेल सांगता येत नाही. तेव्हा नेहरूंच्या टेबलामागे उभं राहून तुम्हाला कोणी विचारलं, छापू का, तर तुम्ही काय सांगाल? मी असतो तर 'थांबा' म्हणालो असतो. १९४९ साली त्या कागदावर झाकण ठेवायला कारण होतं आणि ते लेचंपेचं नव्हतं.

पण थांबायचं ते किती? तुम्ही कालप्रवासी आहात, म्हणून हा प्रश्न तुम्हालाच विचारता येतो. दिल्लीतल्या कोणीही तो तेव्हा विचारला नाही. गृहमंत्री सरदार पटेलांनी तर वेगळाच पवित्रा घेतला: भारत सरकारने असं कुठलं सद्भावना मंडळ पाठवलेलंच नाही. हा पवित्रा नीट ध्यानात ठेवा. 'अतिगुप्त' असा शिक्का मारलेल्या फायलीला निदान नंबर असतो, कपाट असतं, कधीतरी कोणीतरी तिची यादी करतं. जो कागद सरकारी नाहीच, त्याला वयच लागत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं मोजायची ती कुठल्या तारखेपासून?

पुढची वर्षं भरभर जाऊ देत. १९५० मध्ये विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ हा कॅनडाचा अभ्यासक परदेशी नियतकालिकात हैदराबादच्या मुसलमानांच्या हानीवर लेख लिहितो; बीडला तो कोण वाचणार. १९५२ ची निवडणूक होते. १९५६ च्या नोव्हेंबरात जिल्हा मुंबई राज्यात येतो, १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई होते.

१९७२ ला मात्र थांबायला हवं.

बालाघाटाच्या कुशीतल्या एका रस्त्याच्या कामावर तुम्ही आहात. आभाळ कोरं. विहिरी तळाला गेल्यात, गुरं बाजाराला लागली किंवा मेली. बागायतदार, बलुतेदार, मोलकरी, सगळे एका रांगेत बसून खडी फोडतायत. पायाशी दगड, हातात हातोडी, डोक्याला फडकं बांधून. मुकादम मस्टर घेऊन फिरतो. दुपारी सुकडी वाटतात, रेशनवर लाल मिलो मिळतो. त्याची भाकरी थापताना तुटते आणि खाताना घशात अडकते. त्या दुष्काळाने या जिल्ह्यात एक गोष्ट केली, जात-धर्म न बघता सगळ्यांना उन्हात बसवलं.

शेजारचा गडी छत्तीस-सदतीसचा. मोमिनाबादचा विणकर. माग कधीच विकलाय. तुम्हाला तो ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही. त्याच्या पलीकडे बसलेला म्हातारा घोटभर पाणी पिऊन म्हणतो, "असलाच कोरडा ठण्ण दिवस होता बघ, तुझ्या बापाला शेवटचं बघितलं तव्हा."

"पाऊस होता चाचा," हा हातोडी न थांबवता म्हणतो. "गणपतीचे दिवस होते."

"व्हय. पाऊस होता." म्हातारा बराच वेळ गप्प राहतो. मग, "कोणत्या विहिरीत, ते ठाव हाय ना तुला?"

"ठाव हाय."

संपलं. एवढंच बोलणं. मुकादम आला म्हणून नव्हे. बोलण्यासारखं आणखी काही नव्हतंच. म्हाताऱ्याला ठाऊक, पोराला ठाऊक, त्या विहिरीचं पाणी चोवीस वर्षं कोणी शेंदत नाही हे सबंध गावाला ठाऊक. आता याच साली दिल्लीत काय चाललंय ते बघा. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने एक पुस्तक छापलंय: 'ऑपरेशन पोलो'. हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनचा अधिकृत लष्करी इतिहास, लेखक एस. एन. प्रसाद. कुठली तुकडी कोणत्या वाटेने गेली, कुठे किती प्रतिकार झाला, सेनापतींचं नियोजन काय होतं, सगळं त्यात आलं.

जरा थांबून याचा अर्थ लावा. राष्ट्रीय सुरक्षेसाठी जे झाकायचं असतं ते काय? फौजांच्या हालचाली, योजना, तुकड्यांची ताकद, हेच ना? ते चोवीस वर्षांत छापून विकायला आलं. आणि सुंदरलाल मंडळाच्या अहवालातला जो भाग शत्रूच्या काही कामाचा नव्हता, ज्यात ना तोफ होती ना नकाशा, फक्त मेलेली माणसं होती, तो कपाटात राहिला. म्हणजे सुरक्षा होती ती नाचक्कीपासूनची. शत्रूपासून लपवण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. लपवायचं होतं ते रस्त्यावर खडी फोडणाऱ्या या दोघांपासून, आणि त्यांना तर ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लपलं ते फक्त पुढच्या पिढीपासून, आणि शेजारच्या जिल्ह्यापासून.

१९८८ मध्ये ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात अहवालातले उतारे छापले जातात. २००१ मध्ये इंग्रजी पाक्षिक 'फ्रंटलाइन'मध्ये ए. जी. नूरानी आणखी काही भाग देतात. सरकारी कपाटातून नव्हे, खाजगी वाटांनी. मधल्या काळात, १९९३ साली, संसदेने सार्वजनिक अभिलेख कायदा केला. कायद्याचं नाव ऐकून तुम्ही हुरळून जाल, म्हणून त्यातली मेख आधीच सांगतो. सरकारी कागद पंचवीस वर्षांचे झाले की ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत, आणि तीस वर्षांपेक्षा जुने कागद संशोधकांना बघायला मिळावेत, असा साधारण क्रम. पण हे सगळं बिनशिक्क्याच्या कागदांना. ज्यावर अतिगुप्त, गुप्त, गोपनीय किंवा प्रतिबंधित असा शेरा आहे तो कागद अभिलेखागारात पाठवायचाच नाही, असं तोच कायदा सांगतो. मग शेरा काढायचा कोणी? ज्या खात्याने तो मारला त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने. नियम म्हणतात, दर पाच वर्षांनी त्याने फाइल तपासावी. तपासावी, एवढंच. उघडावीच, असं नाही. त्याच्या डोक्यावर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा, इंग्रजांच्या वेळचा. गुप्त म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही, आणि किती काळ गुप्त याची मुदतही नाही. उघडलं तर जबाब द्यावा लागेल, झाकून ठेवलं तर कोणी विचारणार नाही. मग तो अधिकारी काय करील, हे कळायला कालप्रवासाची गरज नाही.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे पंचवीस वर्षं झाली की कागद आपोआप खुला होतो; झाकून ठेवायचा असेल तर कारण खात्याने द्यायचं. अपवाद तिथेही भरपूर आहेत आणि काळी शाई फासलेली पानं तिथेही निघतात. ब्रिटनमध्ये तीस वर्षांचा नियम होता, २०१३ पासून तो टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर आणला गेला. जबाबदारी कोणाच्या खांद्यावर, हा खरा फरक.

आता २००५ सालची दिवाळी. बीडच्या मुख्य टपाल कचेरीत तुम्ही रांगेत आहात. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबरला लागू झालाय आणि गावात त्याची चर्चा आहे. तुमच्यापुढे एक कॉलेजचा मुलगा उभा आहे. अंबाजोगाईहून एसटीने आलाय, आजोबा मागे बाकावर बसलेत. केंद्र सरकारकडे अर्ज पाठवायचाय.

"कशासाठी पाठवताय?" टपालातला बाबू सहज विचारतो.

"आजोबांच्या वडिलांसाठी," पोरगा म्हणतो, आणि बाबूला ते कळत नाही.

तुम्हाला कळतं. त्याला सावध करावंसं वाटतं, कारण कलम आठ तुमच्या वाचण्यात आलंय. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती द्यावीच लागेल, असं कलम ८(३) म्हणतं आणि त्याच वाक्यात तीन अपवाद करतं. पहिला अपवाद म्हणजे ८(१)(क): देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध. म्हणजे घटना वीस वर्षांपूर्वीची असो की सत्तावन्न, सुरक्षेचं नाव घेतलं की घड्याळ बंद. एक झरोका मात्र आहे, ८(२): माहिती दडवण्यातल्या हितापेक्षा ती देण्यातलं सार्वजनिक हित मोठं असेल तर ती देता येते, अगदी गुपिते कायदा आडवा आला तरी. 'देता येते' हे शब्द पोरानं नीट वाचलेले नाहीत. बाकावरचा म्हातारा मात्र निवांत आहे. उत्तर काय येणार, याची त्याला उत्सुकता नाही. नातू विचारतोय, एवढ्यावरच तो खूश आहे.

सप्टेंबर २०१३. दिल्लीचं तीन मूर्ती भवन. पंतप्रधान झाल्यावर नेहरू १९४८ च्या ऑगस्टात इथे राहायला आले आणि मरेपर्यंत इथेच राहिले. २०१३ मध्ये इथे नेहरू स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालय होतं. बीबीसीवर एक वृत्तान्त येतो: सुंदरलाल अहवाल या ग्रंथालयात बघायला मिळतो. त्याच साली नूरानींच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या पुस्तकात त्याचा मजकूर छापला जातो. कागद नेहरूंकडे गेला होता, आणि नेहरू राहत होते त्याच आवारात तो वाचकाच्या हाती आला. मधे पासष्ट वर्षं गेली. एवढ्या काळात बीडमध्ये तीन पिढ्या झाल्या आणि साक्ष देणारे बहुतेक सगळे गेले. विहिरीपाशी वाकणारे सुंदरलालही. आकाश कोसळलं का? दंगल झाली? सुरक्षा परिषद बसली? मराठवाड्यात दुसऱ्या दिवशी शाळा वेळेवर भरल्या.

यावर कोणी म्हणेल, चला, उशिरा का होईना निघाला. पण निघाला तो अभ्यासकांच्या चिकाटीने. कुठलाही कायदा त्याला बाहेर घेऊन आला नाही. तसा नियम असता तर १९६२ च्या चीन युद्धाचा हेंडरसन ब्रूक्स अहवालही आज शाळेच्या ग्रंथालयात असता. १९६३ साली तो सरकारला सादर झाला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं, मजकूर अजूनही लष्करी दृष्ट्या कामाचा आहे, देता येत नाही. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकूनही दिला. जगाने वाचला. कागदोपत्री तो तरीही गुप्तच. नेताजींच्या फायलींचं म्हणाल तर २०१५ मध्ये पश्चिम बंगालने ६४ आणि २०१६ च्या २३ जानेवारीला केंद्राने १०० फायली खुल्या केल्या, पण त्यामागे बोस घराण्याचा आणि बंगालचा रेटा होता. बीडच्या विणकराच्या मागे कोण होतं?

आणि करायचं ठरवलं तर काय होतं, तेही आपल्याच देशात दिसलंय. कारगिलची चौकशी करणारी के. सुब्रह्मण्यम समिती जुलै १९९९ मध्ये नेमली, डिसेंबरात तिचा अहवाल तयार झाला, फेब्रुवारी २००० मध्ये संवेदनशील भाग गाळून तो संसदेपुढे ठेवला गेला. युद्ध नुकतंच संपलेलं, शत्रू समोर उभा, तरीही. २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं: मोहिमांचा इतिहास पाच वर्षांत लिहायचा आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले करायचे. 'साधारणपणे' हा शब्द तेवढा त्यातला मोठा आहे. शिवाय हे धोरण आहे, कायदा नाही. आणि ते संरक्षण खात्याचं आहे, गृह खात्याचं नाही. १९४८ नंतर बीडमध्ये जे झालं त्यातलं बरंचसं उद्याही यातून निसटेल.

आता तुम्ही घरी आला आहात. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वेगाडी सुटली. तीन पिढ्या त्या गाडीची मागणी करत होत्या. मोर्चे काढले, निवेदनं दिली, प्रत्येक निवडणुकीत विचारलं. चिवटपणा हा या जिल्ह्याचा गुण आहे. तोच एकदा कागदाच्या बाबतीत वापरून बघा. पुढच्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर तुमचे खासदार चहाला थांबतील, तेव्हा त्यांना एकच विचारा: गुपिते कायद्यात मुदत कधी घालणार? पंचवीस वर्षं म्हणा, तीस म्हणा, आकड्यावर भांडू नका. फक्त त्या मुदतीनंतर कागद झाकून ठेवायचा असेल तर कारण सरकारने लेखी द्यावं, एवढं मागा. आणि घरात कोणी नव्वदीचं माणूस असेल, कुठल्याही धर्माचं, तर संसद काय करते याची वाट न बघता आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून सगळं लिहून घ्या. गावाचं नाव, विहिरीचं नाव आणि मोजलेला आकडा यांसकट.